मिशन ट्रिपवर रविवारी कुठं बसायचं?

सलाम मंडळी. या वेळच्या टपालात चार पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात परदेशातून लोक मराठवाड्यात सेवेला यायचे. आता आपली पोरं बॅगा भरून आफ्रिकेत, नेपाळला जायला लागलीत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लसी, तिकिटं, खर्च हे सगळं नीट विचारून घेतात आणि रविवारी तिथल्या मंडळीत जाऊन आपण काय करायचं हे कुणी विचारतच नाही. या चौघांनी विचारलं, बरं वाटलं.

ताई, सलाम. आम्ही जालन्याच्या तरुण संघातले आठजण जुलैमध्ये मलावीला जायलोत, ब्लँटायरपासून दीड-दोन तासांवरच्या एका गावात, बारा दिवस. मुलांचं संडे स्कूल, शाळेच्या दोन खोल्यांना रंग आणि शेवटी एक मेडिकल कॅम्प असा प्लॅन आहे. मधात दोन रविवार येतात अन् त्याच्यावरूनच आमच्यात वाद चालू आहे. आमचे लीडर म्हणायलेत की तिथली उपासना तीन-साडेतीन तास चालते, सगळी चिचेवा भाषेत, आपल्याला एक अक्षर कळणार नाही, त्यापेक्षा सकाळी गेस्ट हाऊसवर आपली आपण मराठीत भक्ती करू आणि मग चर्चमध्ये जाऊन आपला प्रोग्राम देऊ, दोन गाणी, एक नाटुकलं, तिघांच्या साक्षी आणि संदेश. मला ते पटेना पण का पटेना तेही सांगता येईना. — एक युवक, जालना

भाऊ, का पटेना ते मी सांगते, पण त्यासाठी आधी माझ्या लहानपणीचं ऐक.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. दगडी भिंतींचं, वर पत्रे टाकलेलं छोटं चर्च होतं, पन्नास-साठ माणूस बसायचं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. परदेशातून पाहुणे येणार म्हणून आठ दिवस आधीपासून सारवण, रांगोळ्या, पताका सगळं चालू. माझे वडील दर रविवारी तबला वाजवायचे, शाळेतले मास्तर पेटीवर असायचे. त्या रविवारी पाहुण्यांनी गिटार आणलेली, त्यांचं स्पीकरचं सामान होतं, मग जागा पुरेना म्हणून पेटी उचलून भिंतीकडं सरकवली. वडील तबला-डग्गा घेऊन आपल्या नेहमीच्या जागेच्या जरा मागं बसले. तबल्यावर एक निळं फडकं झाकलेलं असायचं, आईच्या जुन्या लुगड्याचं. ते फडकं त्या दिवशी निघालंच नाही. दोन तास ते मांडी घालून बसले आणि अधूनमधून बोटं त्या फडक्यावरच हळूहळू चालायची, आवाज नाही, नुसती बोटं. पाहुण्यांनी गाणी म्हटली, नाटक केलं, आम्हा पोरांना गोळ्या वाटल्या. माणसं इतकी प्रेमळ होती की जाताना आमच्या गळ्यात पडून रडली, त्यांच्यात वाईट मनाचं एकही नव्हतं. पण घरी जाताना वडील आईला म्हणाले, आज आपली भक्ती व्हायची राहिली गं.

तुम्ही चाललाय त्या गावात पण असाच कुणाचा तरी बाप असेल, ज्यानं आठवडाभर कॉयरची तालीम घेतलेली असेल. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, पहिल्या रविवारी तुम्ही आठही जणांनी तिथल्या लोकांमध्ये बाकावर बसायचं आणि त्यांची उपासना त्यांच्यासोबत पूर्ण करायची, पहिल्या गीतापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत. स्टेजवर कुणी नाही. गेस्ट हाऊसवरची मराठी भक्ती रात्री झोपायच्या आधी खुशाल करा, रोज करा, पण रविवारच्या सकाळच्या बदल्यात नको. एकाच गावात दोन उपासना, एक पाहुण्यांची आणि एक गावकऱ्यांची, असं झालं तर लोक तोंडावर काही बोलणार नाहीत पण त्यांना जे समजायचं ते समजतं.

आणि तू जालन्याचा आहेस म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते, तुमच्या लीडरलाही सांग. मलावीतलं जे मोठं प्रेस्बिटेरियन चर्च आहे, चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन, तिथं सगळे सीसीएपी म्हणतात, त्याचं मूळ स्कॉटलंडच्या मिशनमध्ये आहे. उत्तरेकडचं लिव्हिंगस्टोनिया मिशन फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडनं १८७५ मध्ये सुरू केलं, ब्लँटायरचं मिशन चर्च ऑफ स्कॉटलंडनं १८७६ मध्ये, आणि १९२४ मध्ये हे दोन्ही मिळून सीसीएपी झालं. आता जालन्याचं बघ. रेव्हरंड नारायण शेषाद्री, ज्यांचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईत झाला आणि ज्यांनी जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं, ते त्याच फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. म्हणजे तुमची मंडळी आणि त्यांची मंडळी एकाच घरातल्या दोन बहिणी आहेत, फक्त एक निजामाच्या राज्यात वाढली आणि एक मलावीतल्या न्यासा सरोवराच्या काठाला. तुम्ही कुणा अनोळखी लोकांकडं देव घेऊन चालला नाहीत, चुलत घरी चाललाय. चुलत घरी गेल्यावर आपण स्वयंपाकघराचा ताबा घेतो का? आधी बसतो, पाणी पितो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो.

हेच नारायण शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कला जगभरच्या ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या परिषदेला गेले होते. आपल्या मराठवाड्याच्या मातीत राबणारा माणूस दीडशे वर्षांपूर्वी परदेशातल्या मंडळीत पाहुणा म्हणून बसला होता, हे आपल्या तरुण संघात कितीजणांना माहीत असतं? ब्लँटायरला उतराल तेव्हा तिथलं सेंट मायकल अँड ऑल एंजल्स चर्च पण नक्की बघा. १८८८ ते १८९१ मध्ये बांधलंय, ज्या मिशनरीनं उभं केलं तो काही शिकलेला आर्किटेक्ट नव्हता आणि विटा तिथल्याच लोकांनी भाजल्या, रचल्या. आत जाऊन पाच मिनिटं शांत बसा, फोटो नंतर काढा.

आता भाषेचं. एक अक्षर कळणार नाही हे खरं नाही. मी काही वर्षांपूर्वी त्याच भागात गेले होते, मलाही हीच धास्ती होती. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, कमरेला चितेंजे म्हणजे आपल्या लुंगीसारखं रंगीत कापड गुंडाळलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गीत सुरू झालं तसं तिनं आपलं पुस्तक माझ्याकडं अर्धं सरकवलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. चिचेवा इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि जसं लिहिलं तसंच वाचतात, त्यामुळं तिचं बोट पुढं सरकेल तसं मी वाचत गेले. दुसऱ्या कडव्याला माझा आवाज निघायला लागला, तिसऱ्याला मी गात होते, अर्थ माहीत नसताना. मी चुकले की बोट थांबायचं, मागं यायचं, परत चालायचं. नंतर सगळे उठून उभे राहिले आणि "आताते वाथू" असं सुरू झालं, तेव्हा मला कुणी न सांगता कळलं की ही प्रभूची प्रार्थना आहे, आताते म्हणजे पिता. मी माझ्या मराठीत "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणत राहिले आणि आम्ही दोघी बरोबर एकाच वेळी आमेनला पोचलो. बारा दिवसांत मी बरंच काम केलं असेल, पण आठवतं ते त्या बाईचं बोट.

जायच्या आधी पाच-सहा शब्द पाठ करून जा. मुली ब्वांजी म्हणजे कसे आहात, न्दिली ब्विनो म्हणजे मी बरा आहे, झिकोमो म्हणजे आभार. तिथं पाळकांना अबुसा म्हणतात आणि त्याचा अर्थही मेंढपाळच, आपल्या पाळक शब्दासारखा. वर त्यात मान देण्यासाठी अनेकवचन वापरलंय, आपण "पाळक आला" न म्हणता "पाळक आले" म्हणतो ना, तस्संच. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी अबुसांना भर अंगणात ते समजावून सांगितलं, ते पण खूप हसले. काही देताना-घेताना उजवा हात पुढं करा आणि डावा हात उजव्या कोपराला लावा, ती तिथली मान द्यायची रीत आहे.

मुलींनी चर्चमध्ये जीन्स घालू नये, खेड्यात तर नाहीच. साडी उत्तम. पंजाबी ड्रेस असेल तर वरून चितेंजे गुंडाळा, ते बाजारात मिळतं आणि तिथल्या बायका ते नेसवून द्यायला स्वतःहून पुढं येतात, ओळख तिथूनच सुरू होते. बऱ्याच ठिकाणी बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला बसतात, आपल्या खेड्यातल्यासारखं, तर आठजण एका बाकावर घोळका करून बसू नका, वेगवेगळे बसा. आणि हो, जुलैत तिथं थंडी असते, सकाळी चांगलाच गारठा, आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून नुसते टी-शर्ट नेऊ नका. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचं आत्ताच विचारा, लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते सर्टिफिकेट धरतात, आणि मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या.

अर्पणाच्या वेळी लोक रांगेनं गात गात पुढं जातात. तुम्हीही जा. क्वाचामध्ये म्हणजे तिथल्या चलनात, बेताचं टाका, डॉलरची नोट वर धरून टाकू नका. शेजारच्या बाईनं पदराच्या गाठीतून काढलेलं नाणं टाकलं आणि तिच्या मागं तुमची मोठी नोट पडली की तिला कसं वाटेल याचा विचार करा. मोठी मदत द्यायचीच असेल तर ती अबुसा आणि वडील मंडळींच्या सेशनमार्फत म्हणजे कारभारी समितीमार्फत, हिशोबानं. एकेकाच्या हातात पैसे दिले की तुम्ही परत आल्यावर त्या मंडळीत महिनोन् महिने भांडणं चालतात.

आता प्रोग्रामचं. तिथले लोक तुम्हाला उभं करून ओळख करून घेतीलच, सलाम सांगायला लावतील, गाणं म्हणा म्हणतील. तेव्हा लाजून नाही म्हणू नका, तोही अपमानच होतो. एक मराठी भजन म्हणा, टाळ घेऊन जा, दोन जोड्या, वजन काही होत नाही. बोलायचं झालं तर एकानंच आणि पाच मिनिटं, कारण दुभाषी असला की पाचाची दहा होतात. वाक्यं छोटी ठेवा, म्हणी वापरू नका, दुभाष्याचा घाम निघतो. दुसऱ्या रविवारी अबुसांनी स्वतः होऊन संदेश द्या म्हटलं तर द्या. पण ते त्यांनी विचारायचं, आपण जालन्यातून ठरवून न्यायचं नाही. नाटुकलं संडे स्कूलला करा, मुलांना आवडेल.

लीडरशी वाद घालू नकोस. त्यांनी पण हे सगळं चांगल्या मनानंच ठरवलंय. फक्त एवढं म्हण की तिथल्या अबुसांना एक मेसेज टाकून विचारू, पहिल्या रविवारी आम्ही नुसतं तुमच्यात बसलो तर चालेल का. उत्तर आलं की वाद आपोआप मिटेल. आणि वाटलं तर लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूनं शिष्यांना दोघं दोघं पाठवताना काय सांगितलं ते सगळ्यांनी मिळून वाचा, ज्या घरी जाल तिथंच राहा आणि पुढ्यात वाढतील ते खा. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हातानं तोडून भाजीत बुडवून खायचा, जेवायच्या आधी कुणीतरी तांब्यानं हातावर पाणी घालतं. भाकरी खाणाऱ्या माणसाला ते अवघड नाही.

ताई, माझी मुलगी बीएस्सी झालीय, तिच्या ग्रुपबरोबर दसऱ्याच्या सुट्टीत आठ दिवस नेपाळला जायलीय, काठमांडू आणि पोखऱ्याकडं. तिथं प्रार्थनेला शनिवारी जायचं म्हणे, असं कसं? आणि तिथं कायदा कडक आहे असं ऐकलं, आई म्हणून जीव वरखाली होतो. ती म्हणते रोज इन्स्टाग्रामवर टाकत जाईन, तू बघत जा. — एक आई, नांदेड

ताई, शनिवारचं कारण साधं आहे, नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, म्हणून मंडळ्या शनिवारी जमतात. त्यात धर्माचा वेगळा काही मुद्दा नाही. घड्याळ मात्र आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं, पहिल्याच शनिवारी उशीर नको.

मराठी मुलीला नेपाळची मंडळी सगळ्यात सोपी जाईल बघा. चप्पल बाहेर, खाली सतरंजीवर बसायचं, हात जोडून "जयमसीह" म्हणायचं. नेपाळी देवनागरीतच लिहितात त्यामुळं बायबल आणि गीतांचं पुस्तक दोन्ही तिला वाचता येईल, अर्थही निम्मा लागेल. मादल वाजायला लागला की तिला आपल्या ढोलकीची आठवण येईल.

आता काळजीचं. नेपाळच्या नव्या फौजदारी कायद्यात, जो ऑगस्ट २०१८ पासून लागू आहे, कुणाचं धर्मांतर करणं किंवा त्यासाठी प्रोत्साहन देणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, आणि परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. मंडळीत जाऊन बसणं, प्रार्थना करणं याला बंदी नाही. पण रस्त्यावर पत्रकं वाटणं, शाळेतल्या लेकरांना गोळा करून गाणी शिकवणं असलं काही त्या ग्रुपच्या प्लॅनमध्ये असेल तर तिथल्या पास्टरांना आधी विचारलंय का ते तुम्ही स्वतः फोन करून विचारा. त्यांनी नको म्हटलं तर नको. इथं बसून आपण शूर होणं सोपं असतं.

मला तुमच्या लेकीपेक्षा जास्त काळजी त्या मंडळीची वाटते, रागावू नका. तुमची लेक आठ दिवसांनी घरी येणार. तिनं इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो मात्र तिथंच राहणार, त्यात ज्या बाईचा चेहरा दिसतो तिचा नवरा, सासर, गावचे लोक तो बघणार, आणि तिनं अजून घरी सांगितलेलंही नसेल. १९५१ च्या आधी नेपाळात उघडपणे ख्रिस्ती म्हणून राहताच येत नव्हतं, आज ज्या मंडळ्या उभ्या आहेत त्यांच्यातल्या जुन्या लोकांनी तुरुंग बघितलेत. तेव्हा डोंगराचे, चहाचे, रस्त्याचे फोटो टाकू द्या, तुमच्या जिवाला तेवढं पुरेल. उपासनेचे, लोकांच्या चेहऱ्यांचे, मंडळीच्या बोर्डाचे, लोकेशनचे फोटो अजिबात नकोत, व्हॉट्सअपच्या ग्रुपवर पण नकोत. तिला प्रेमानं समजवा, नुसतं नको म्हणून सांगितलं तर ऐकणार नाही, का ते सांगा.

ताई, मी नर्स आहे, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) सभासद. टीमसोबत महिनाभर युगांडाला जायचंय, मे-जूनमध्ये. आमच्याकडं प्रभुभोजनात छोट्या पेल्या असतात, द्राक्षाचा रस. तिथं म्हणे एकाच प्याल्यातून सगळे घेतात आणि खरी वाइन असते. घ्यावं का नाही? आणि एक रविवार आम्ही जिथं असू तिथं फक्त कॅथलिक चर्च आहे. — लातूर

आधी पहिलं. युगांडातलं चर्च ऑफ युगांडा हे अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं आहे. आपलं सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झालं आणि तेही जगभरच्या अँग्लिकन परिवारात धरलं जातं, त्यामुळं तुम्हाला तिथं प्रभुभोजन घ्यायला अडचण नाही. तरी उपासनेच्या आधी तिथल्या पाळकांना भेटून सांगा, मी अमुक मंडळीची, दृढीकरण झालेली. न सांगता रांगेत उभं राहू नये असं मला वाटतं, आपल्याकडंही अनोळखी माणूस आला की आपण विचारतोच ना. तुम्ही नर्स असल्यामुळं प्याल्याचं मनात येणार, त्यात चूक काही नाही. नुसती भाकर घेतली आणि प्याला पुढं जाऊ दिला तरी अँग्लिकन रीतीत प्रभुभोजन पूर्ण घेतलं असंच धरतात. फक्त तोंड वाकडं न करता, हात जोडून.

कॅथलिक चर्चमध्ये मात्र भाकर घ्यायची नाही. तो त्यांचा नियम आहे आणि पाहुण्यानं तो पाळायचा. रांगेतून पुढं जा, दोन्ही हात छातीवर क्रॉस करा, फादरांना कळतं, ते आशीर्वाद देतात. बाकी सगळी मिसा बसून, उभं राहून, गुडघे टेकून पूर्ण करा. मी एकदा अशी हात बांधून पुढं गेले होते आणि परत बाकावर येताना डोळे भरून आले. एकच प्रभू आणि ताट वेगळं, हे दुखतं, आणि ते दुखलंच पाहिजे असं मला वाटतं. त्यातून आपली प्रार्थना वाढते.

जूनमध्ये असाल तर ३ जून सोडू नका. तो युगांडाच्या हुतात्म्यांचा दिवस, देशभर सुट्टी असते. १८८५ ते १८८७ या काळात तिथल्या राजाच्या हुकमानं मारले गेलेले २२ कॅथलिक आणि २३ अँग्लिकन, बरेचसे दरबारातले तरणे पोरगे, आणि ३ जून १८८६ ला नामुगोंगो इथं त्यांतल्या कितीकांना एकाच ठिकाणी जाळलं. लोक शेकडो किलोमीटर चालत तिथं येतात, आपली वारी डोळ्यांपुढं येते. तुमच्या टीमला त्या दिवशी कॅम्प ठेवायचा असेल तर नका ठेवू, कुणी येणारही नाही. तुम्हीच थोडं त्यांच्यासोबत चाला.

बाई, मी सत्तर वर्षांची आहे, लिहून नातीनं दिलंय. आमच्या मंडळीत दर दोन वर्षाला परदेशातून टीम येते. चांगले लोक आहेत. पण उपासना चालू असताना मोबाइल घेऊन वेदीपाशी उभं राहून आमचेच फोटो काढतात, लेकरांना उचलून घेऊन काढतात. त्या रविवारी आमचं भजन होत नाही, वेळ पुरत नाही म्हणतात. आमचे पाळक काही बोलत नाहीत, चर्चचा स्लॅब त्यांच्या पैशातून झालाय. आम्ही बोललो तर ते पाप होईल का? — बीड जिल्हा

आजी, पाप कशाचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला माझ्या वडलांचं ते निळं फडकं आठवलं. वरच्या जालन्याच्या पोराला जे मी सांगितलं ते तुमच्यासारख्यांकडूनच शिकलेय.

स्लॅब त्यांनी घातला त्याबद्दल आपण उपकार मानतो, मानलेच पाहिजेत, पण त्याच्या खालची उपासना विकत गेलेली नाही. पाळकांची अडचण मी समजू शकते, एकट्या माणसाला हे बोलणं जड जातं. तेव्हा महिला मंडळातल्या तुम्ही तिघी-चौघी मिळून त्यांच्या घरी जा, रविवारी नको, मधल्या वारी, चहाच्या वेळेला. तक्रार म्हणून न सांगता पाहुण्यांना आमच्यात नीट बसवायचंय असं म्हणा. फोटो आशीर्वाद झाल्यावर, बाहेर अंगणात, सगळ्यांचा एक. लेकरांचे आईला विचारून. आणि भजन आधी, त्यांचं गाणं नंतर. टीम यायच्या महिनाभर आधी हे त्यांना कळवलं तर ते आनंदानं मानतील, मी खात्रीनं सांगते, बऱ्याच वेळा त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांना वाटतं आपण काही केलं नाही तर लोक नाराज होतील.

नारायण वामन टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्याला अभंग-ओवीत प्रभूचं गायला दिलं, टाळ-पेटीवर. हे त्या पाहुण्यांना त्यांच्या देशात कुठंच ऐकायला मिळणार नाही, आणि नेमकं तेच आपण वेळ नाही म्हणून कापतो! नातीला सांगा, एका भजनाचं धृपद इंग्रजी अक्षरांत मोठं मोठं लिहून चार-पाच कागद करून ठेव. पाहुणी आली की तिला खुर्चीवर समोर बसवू नका, तुमच्या शेजारी सतरंजीवर घ्या, कागद तिच्या हातात द्या आणि ओळीवर बोट ठेवून तुम्ही गा. गुडघे दुखत असतील तिचे तर मागं भिंत द्या.

आणि जमलं तर त्यांना कापणीच्या सणालाच बोलवा, ज्वारी-तूर घरात आलेली असते तेव्हा. उपासनेनंतर लिलाव होतो ना तुमच्याकडं पण, कुणाचा कोंबडा, कुणाची पायलीभर तूर, कुणी एकच अंडं आणून ठेवलेलं असतं आणि त्याची बोली चढत चढत शंभरावर जाते. त्या वेळी पाहुण्यांनाही लोकांच्या मधात बसवा, भाव काय चाललाय ते नात सांगेल, आणि अंड्याची बोली लागली की त्यांनाही हात वर करू द्या.